रक्तस्रावात हरवणारे कॅल्शियम

कॅल्शियम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दूध, नाचणी, हाडे आणि चाळिशीनंतर सुरू होणाऱ्या गोळ्या येतात. त्यामुळे अपघातात जबर जखमी झालेल्या आणि एकामागून एक रक्ताच्या पिशव्या चढवाव्या लागणाऱ्या रुग्णासाठी डॉक्टरांनी कॅल्शियमची इंजेक्शने मागवली, की बाहेर चिठ्ठी हातात घेऊन उभ्या असलेल्या नातेवाइकांना हमखास प्रश्न पडतो, की रक्त थांबत नसताना हे हाडांचे औषध कशासाठी. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट समजून घ्यायचे तर हाडांचा विचार काही वेळ बाजूला ठेवावा लागतो, कारण हे इंजेक्शन हाडांसाठी दिलेलेच नसते.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातले ९९ टक्के हाडांत व दातांत असते. रक्तातला वाटा अगदीच किरकोळ. रक्तातील पेशी वगळून उरणाऱ्या पिवळसर द्रवात, म्हणजे प्लाझ्मामध्ये, दर १०० मिलिलिटरमागे सुमारे ९ ते १० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. शरीरातील तीन लिटरच्या आसपास प्लाझ्माचा हिशेब केला तर सगळे मिळून ते ३०० मिलिग्रॅमच्या घरात जाते. एवढे चूर्ण चिमटीत मावेल. त्यातही जवळजवळ निम्मे अल्ब्युमिन या प्रथिनाला आणि इतर घटकांना चिकटलेले असते आणि ते लगेच कामी येत नाही. उरलेले निम्मे विद्युतभारित आयनांच्या रूपात मोकळे फिरते, आणि शरीराची कामे होतात ती याच मोकळ्या कॅल्शियमवर. निरोगी माणसात त्याचे प्रमाण लिटरमागे साधारण १.१ ते १.३ मिलिमोल एवढ्या अरुंद पट्ट्यात टिकून राहते. या लेखात जिथे कॅल्शियम कमी झाले असे म्हटले आहे, तिथे हा मोकळा भाग कमी झाला असा अर्थ घ्यावा.

या मोकळ्या कॅल्शियमचे पहिले मोठे काम रक्त गोठवण्याचे. रक्त गोठवणाऱ्या घटकांना रोमन अंकांनी ओळखण्याची पद्धत आहे आणि त्या यादीतला चौथा घटक म्हणजे कॅल्शियमच. यादीतील बहुतेक घटक म्हणजे मोठमोठी प्रथिने, आणि त्यांच्यात हा एकटा साध्या धातूचा आयन. त्याचे काम मात्र मोक्याच्या जागी आहे. जखम झाली की तिथे प्लेटलेट जमा होतात आणि उद्दीपित झालेल्या प्लेटलेटच्या बाहेरच्या आवरणावर ऋणभार येतो. दुसरा, सातवा, नववा आणि दहावा या घटकांचे ज्या टोकावर 'के' जीवनसत्त्वाच्या मदतीने संस्करण होते, ते टोकही ऋणभारितच असते. समान भार एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे हे घटक रक्तात मुबलक असले तरी आपणहून जखमेवर जाऊन बसू शकत नाहीत. दोन धनभार असलेले कॅल्शियम मध्ये येते, दोन्ही बाजूंना धरून ठेवते, आणि मग पुढची साखळी चालू होते. कॅल्शियम फारच कमी झाले की गोठण्याचे सगळे साहित्य जवळ असूनही गुठळी वेळेवर आणि घट्ट बनत नाही.

दुसरे काम हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे. ते ज्या प्रयोगातून कळले तो सांगण्याजोगा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयातील डॉक्टर सिडनी रिंगर १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला बेडकाचे हृदय शरीराबाहेर क्षारांच्या द्रावणात चालते ठेवण्याचे प्रयोग करत होते. हृदय तासन्‌तास छान धडधडत राही. पुढे त्यांच्या लक्षात आले, की द्रावण करताना शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी लंडनच्या नळाचे पाणी वापरले गेले होते. शुद्ध पाण्यात तेच द्रावण केले तेव्हा हृदयाचे आकुंचन क्षीण होत थोड्याच वेळात थांबले. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम हाच तो फरक होता, हे रिंगर यांनी १८८३ मध्ये मांडले. दवाखान्यात आपण ज्या सलाईनला 'आरएल' म्हणतो त्यातला 'आर' म्हणजे हेच रिंगर. हृदयाचा प्रत्येक ठोका स्नायुपेशीत कॅल्शियम शिरल्यामुळे पडतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायूही कॅल्शियममुळेच आवळून राहतात. ते घटले की हृदयाचा जोर कमी होतो, वाहिन्या सैलावतात, रक्तदाब खाली येतो आणि तो वाढवण्यासाठी दिलेली औषधेही पुरेसा गुण देत नाहीत. जिच्या शरीरातून आधीच रक्त वाहून गेले आहे, अशा व्यक्तीला यातले काहीच परवडणारे नसते.

गंभीर जखमी माणसाच्या रक्तातले हे कॅल्शियम दोन वाटांनी कमी होते आणि दोन्ही वाटा बहुतेकदा एकाच वेळी उघडतात.

पहिली वाट दुखापतीची स्वतःची. रक्त वाहते तेव्हा त्यातले कॅल्शियमही वाहून जाते. रक्तदाब टिकवण्यासाठी वाटेत सलाईन चढवले की उरलेले पातळ होते. ऊतींना प्राणवायू कमी पडला की लॅक्टेट हा टाकाऊ पदार्थ साचतो आणि तो काही कॅल्शियम स्वतःला जोडून घेतो. शिवाय उपासमार झालेल्या पेशींच्या आवरणातील पंप मंदावतात आणि बाहेरचे कॅल्शियम पेशींच्या आत शिरू लागते. हाडांत एक किलोचा साठा पडून असला तरी तो सोडवून घेण्याची शरीराची यंत्रणा मिनिटांच्या लढाईसाठी घडलेली नाही. म्हणूनच रक्ताची एकही पिशवी लागण्याआधी, कॅज्युअल्टीत घेतलेल्या पहिल्याच नमुन्यात, कित्येक जखमींचे कॅल्शियम खाली आलेले आढळते. फ्रान्समध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २१२ गंभीर जखमींचे रक्त रुग्णालयात पोहोचताच तपासले, तेव्हा जवळपास तीन चतुर्थांश जणांचे कॅल्शियम कमी होते आणि दर दहांतल्या एकाचे तर ०.९ मिलिमोलच्याही खाली होते. या आकड्याचा आहाराशी संबंध जोडू नये. जखमी माणूस रोज दूध पीत होता की नाही, याने इथे काही फरक पडत नाही.

दुसरी वाट उपचारातून जाते, आणि ती समजण्यासाठी रक्ताची पिशवी हातात घेऊन तिचे लेबल वाचणे उत्तम. आपल्या रक्तपेढ्यांत ३५० आणि ४५० मिलिलिटर अशा दोन मापांच्या पिशव्या सर्रास वापरल्या जातात. पिशवी रिकामी असतानाच तिच्या तळाशी थोडे पारदर्शक द्रावण असते, ते अनेक रक्तदात्यांनी पाहिलेले असेल. ३५० मिलिलिटरच्या पिशवीत ते ४९ मिलिलिटर आणि ४५०च्या पिशवीत ६३ मिलिलिटर असते आणि लेबलवर त्याचे नाव बहुधा 'सीपीडीए' असे असते. त्यातला 'सी' म्हणजे सायट्रेट, लिंबाच्या आंबटपणाचा सख्खा भाऊ. पिशवीतले रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट कॅल्शियमला पकडून ठेवते. ही युक्ती १९१४-१५ च्या सुमारास बेल्जियममध्ये आल्बेर ह्युस्टँ, अर्जेंटिनात लुईस आगोते आणि न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड लेविसन यांनी रुग्णांवर वापरून दाखवली. त्याआधी दाता आणि रुग्ण यांना शेजारी शेजारी ठेवून ताजे रक्त घाईघाईने पोहोचवावे लागे. रक्त साठवून ठेवणे, आणि पर्यायाने रक्तपेढी, ही गोष्ट सायट्रेटमुळे शक्य झाली. त्याने किती जीव वाचवले असतील याची मोजदाद होणार नाही, म्हणून त्याच्या या दुसऱ्या बाजूविषयी लिहिताना त्याला खलनायक ठरवणे मला पटत नाही.

मात्र पिशवीतले सायट्रेट रुग्णाच्या शिरेत गेले की तिथल्या मोकळ्या कॅल्शियमलाही तसेच पकडते. निरोगी, ऊबदार आणि रक्तपुरवठा चांगला असलेले यकृत एका पिशवीतले सायट्रेट काही मिनिटांत पचवून टाकते. त्यामुळे रक्तक्षयासाठी वॉर्डात सावकाश चढवलेल्या एक-दोन पिशव्यांनंतर सहसा कॅल्शियमची गरज पडत नाही, आणि ज्यांच्या घरी कोणाला असे रक्त दिले गेले असेल त्यांनी हा लेख वाचून काळजीत पडू नये. जबर जखमीची गोष्ट वेगळी असते. त्याच्या यकृताला मिळणारे रक्त घटलेले असते, अंग थंड पडलेले असते, आणि पिशव्या तासांऐवजी मिनिटांच्या अंतराने लागत असतात. त्यात आणखी एक बाब आहे. रक्ताचे घटक वेगळे करताना बहुतेक सायट्रेट प्लाझ्मासोबत जाते, त्यामुळे तांबड्या पेशींच्या पिशवीपेक्षा एफएफपीच्या, म्हणजे गोठवून ठेवलेल्या प्लाझ्माच्या, आणि प्लेटलेटच्या पिशवीतून ते अधिक येते. आणि मोठ्या रक्तस्रावात हल्ली तांबड्या पेशींच्या बरोबरीने प्लाझ्मा व प्लेटलेट देण्याची पद्धत रूढ झाली आहे, जी योग्यच आहे. मोठ्या प्रमाणावर रक्त द्यावे लागलेल्या १५६ जखमींच्या अमेरिकेतील एका अभ्यासात ९७ टक्के रुग्णांचे कॅल्शियम कधी ना कधी खाली गेलेले आढळले. म्हणजे अशा रुग्णात ते कमी होईल हेच गृहीत धरून चालावे लागते.

आता प्रश्न असा, की इतकी महत्त्वाची आणि इतकी नेहमीची उणीव नजरेतून सुटते कशी? ती सुटते, कारण ती तीन ठिकाणी लपते, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत ध्यानात ठेवण्यासारखा भाग हाच आहे.

पहिल्यांदा ती लपते रुग्णाच्या शरीरात. डेंग्यूच्या दिवसांत कोणासाठी यंत्रावर बसून फक्त प्लेटलेट, म्हणजे एसडीपी, दिलेल्या वाचकांना आठवत असेल, की अर्ध्या-पाऊण तासानंतर ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागतात आणि तंत्रज्ञ लगेच कॅल्शियमची गोळी चघळायला देतात किंवा यंत्राचा वेग कमी करतात. यंत्रातून परत येणाऱ्या रक्तातले सायट्रेट हेच त्या मुंग्यांचे कारण. दाता शुद्धीवर असतो, म्हणून तो सांगू शकतो. बेशुद्ध किंवा भूल दिलेला, नळी घातलेला जखमी मुंग्या येत असल्याचे सांगणार कसा? हातांची बोटे आखडणे हे लक्षणही स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांखाली दबून जाते. रक्तदाब पडतो, पण तो तर रक्तस्रावानेही पडतोच.

दुसऱ्यांदा ती लपते कॅल्शियमच्याच रिपोर्टमध्ये. नेहमीची प्रयोगशाळा मोजते ते एकूण कॅल्शियम, चिकटलेले आणि मोकळे दोन्ही मिळून. सायट्रेटला चिकटलेले कॅल्शियमही त्या आकड्यात धरले जाते, त्यामुळे कामाचे कॅल्शियम संपत आलेले असतानाही एकूण आकडा फसवा दिसू शकतो. उलट सलाईनमुळे अल्ब्युमिन पातळ झाले की तोच आकडा नको तितका खाली दिसतो. मोकळे कॅल्शियम मोजण्यासाठी एबीजीचे, म्हणजे धमनीच्या रक्तातले वायू तपासण्याचे, यंत्र लागते. तेच यंत्र आम्लता, लॅक्टेट आणि प्राणवायूही सांगते, काही मिनिटांत सांगते, आणि अनेक यंत्रांत कॅल्शियमचा आकडा त्याच छोट्या कागदाच्या पट्टीवर छापून येतो. तो वाचला गेला पाहिजे, एवढेच. नमुना गोठू नये म्हणून सिरिंजमध्ये घेतलेले द्रवरूप हेपॅरिन जास्त राहिले तर तेही कॅल्शियम धरून ठेवते आणि आकडा खोटा कमी येतो, म्हणून नमुना घेण्याची पद्धतही नीट असावी लागते.

तिसरी लपण्याची जागा सर्वांत नवलाची आहे. रक्तस्राव थांबत नसेल तर डॉक्टर रक्त गोठण्याची तपासणी करतात, जिला आपण पीटी-आयएनआर म्हणतो. त्यासाठी रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घेतात, आणि त्या नळीतही सायट्रेटच असते, म्हणजे नमुन्यातले कॅल्शियम सुरुवातीलाच बांधून टाकलेले असते. मग प्रयोगशाळेत तपासणीच्या वेळी नमुन्यात बाहेरून भरपूर कॅल्शियम मिसळतात आणि नमुना ३७ अंशांपर्यंत गरम करतात. रुग्णाच्या अंगात कॅल्शियमची टंचाई आणि अंग ३४ अंशांवर, पण काचेच्या नळीत मात्र दोन्हींची रेलचेल. अशा रुग्णाचा पीटी-आयएनआर बरा आला, तरी त्याच्या शरीरात रक्त गोठत असेलच असे नाही. ही चूक तपासणीची नाही. ती घटक-प्रथिने मोजण्यासाठीच बनलेली आहे. तिच्याकडून कॅल्शियमचे उत्तर अपेक्षू नये, एवढेच लक्षात ठेवायचे.

मोठ्या दुखापतीच्या उपचारात एक त्रिकूट फार वर्षांपासून शिकवले जाते: शरीर थंड पडणे, रक्तातली आम्लता वाढणे आणि रक्त न गोठणे. ही तिन्ही एकमेकांना खतपाणी घालतात आणि रुग्णाला खाली खेचतात. २०२० मध्ये काही अमेरिकी डॉक्टरांनी असा मुद्दा मांडला, की यात कॅल्शियमची कमतरता हा चौथा कोन धरावा आणि त्रिकोणाऐवजी चौकोन म्हणावे. मांडणीला आधार आहे. थंडीमुळे यकृत सायट्रेट पचवत नाही, कॅल्शियम उतरते. ते उतरल्याने रक्त गोठत नाही आणि हृदयाचा जोर घटतो. ऊतींना रक्त कमी मिळाले की आम्लता वाढते. आम्लतेची एक वेगळी करामतही इथे सांगायला हवी. आम्लता वाढलेली असताना अल्ब्युमिनला चिकटलेले काही कॅल्शियम सुटते, त्यामुळे मोकळ्याचा आकडा थोडा बरा दिसतो; उपचारांनी आम्लता दुरुस्त होऊ लागली की ते पुन्हा चिकटते आणि आकडा घसरतो. म्हणून एकदा मोजून थांबणे पुरेसे ठरत नाही.

रुग्ण वाचण्याशी याचा संबंध किती, हे आता पाहू. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५९१ जखमींच्या अभ्यासात, दाखल होताना मोकळे कॅल्शियम १ मिलिमोलच्या खाली असलेल्यांपैकी १५.५ टक्के दगावले, तर त्याहून जास्त असलेल्यांपैकी ८.७ टक्के. कमी कॅल्शियमवाल्यांना रक्तही अधिक लागले. वर सांगितलेल्या १५६ जणांच्या अभ्यासात ज्यांचे कॅल्शियम ०.९ च्या खाली गेले त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण ४९ टक्के होते, इतरांत २४ टक्के. आकडे गंभीर आहेत, पण ते वाचताना सावध राहायला हवे. ज्याची जखम मोठी त्याचे रक्त जास्त जाते, त्याला पिशव्या जास्त लागतात, त्याचे कॅल्शियम जास्त उतरते, आणि तोच दगावण्याची शक्यताही जास्त असते. म्हणजे कॅल्शियम हे काही अंशी जखमेच्या तीव्रतेचे मोजमापही असू शकते. धूर आगीची खूण देतो, पण धूर हटवला म्हणून आग विझत नाही. कॅल्शियमच्या बाबतीत किती भाग धुराचा आणि किती आगीचा, याचा निवाडा करण्यासाठी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून, एका गटाला लवकर कॅल्शियम देऊन तुलना करावी लागते. अमेरिकेत अशा चाचण्या हाती घेतल्या गेल्या आहेत. जर्मनीच्या दुखापत नोंदवहीतील तीस हजारांहून अधिक जखमींच्या पाहणीने तर आणखी एक गोष्ट पुढे आणली: कॅल्शियम खूप कमी असलेल्यांप्रमाणेच खूप जास्त असलेल्यांतही मृत्यूचे प्रमाण अधिक होते. म्हणून सरसकट सगळ्यांना ओतत सुटावे असा अर्थ यातून निघत नाही. मोजावे, आणि नेमक्या पट्ट्यात आणून ठेवावे, हे मला यातले शहाणपणाचे वाटते, आणि युरोपातील मोठ्या रक्तस्रावाच्या उपचारांविषयीची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात.

जिथे मोजण्याची सोय नाही आणि रक्तस्राव मोठा आहे तिथे काय करावे, याचे उत्तर अमेरिकी सैन्याच्या रणांगणावरील उपचार-पद्धतीत मिळते: रक्ताची पहिली पिशवी चालू असताना किंवा ती संपताच एक ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड किंवा तीन ग्रॅम कॅल्शियम ग्लुकोनेट द्यावे. इथे औषधाचे नाव नीट पाहावे लागते. कॅल्शियमची इंजेक्शने दोन प्रकारची असतात, क्लोराइड आणि ग्लुकोनेट, दोन्ही बहुधा १० टक्के तीव्रतेची आणि १० मिलिलिटरच्या कुपीत. दिसायला सारखी, पण क्लोराइडच्या कुपीत सुमारे २७० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि ग्लुकोनेटच्या कुपीत सुमारे ९३. म्हणजे एका क्लोराइडची बरोबरी करायला ग्लुकोनेटच्या तीन कुप्या लागतात. क्लोराइड शिरेबाहेर झिरपले तर तिथली त्वचा आणि मांस जळते, म्हणून ते शक्यतो मोठ्या शिरेतून देतात. आपल्याकडे ग्लुकोनेट सहज मिळते आणि ते हाताच्या शिरेतून देणे तुलनेने सुरक्षित आहे. नातेवाइकांच्या चिठ्ठीवर एकदम तीन किंवा सहा कुप्या लिहिलेल्या असतात, त्यामागचा हिशेब हा.

ही इंजेक्शने रक्ताच्या नळीतून देत नाहीत, कारण कॅल्शियम मिळताच सायट्रेटचा पहारा उठतो आणि नळीतच गुठळ्या होऊ शकतात. आरएलमध्येही कॅल्शियम असते, म्हणून रक्त चालू असलेल्या नळीत आरएल जोडत नाहीत. आम्लता कमी करण्यासाठी देतात त्या सोडाबायकार्बसोबत तर कॅल्शियम अजिबात मिसळत नाहीत, कारण दोन्ही एकत्र आले की खडूसारखा पांढरा साका बनतो. रक्त एका हाताला आणि कॅल्शियम दुसऱ्या हाताला, असे दृश्य अतिदक्षता विभागात दिसते ते यासाठी.

शल्यचिकित्सकांनी फुटलेली वाहिनी बांधली, रक्तस्राव आटोक्यात आला, अंगावर गरम हवेचे पांघरूण घालून रुग्णाचे शरीर ऊबदार झाले, की यकृताला पुन्हा रक्त मिळू लागते आणि ते साचलेल्या सायट्रेटचे बायकार्बोनेटमध्ये रूपांतर करते. सायट्रेटने अडवून ठेवलेले कॅल्शियम त्यासरशी मोकळे होते आणि आकडा आपणहून वर चढू लागतो. त्यामुळे पिशव्या थांबल्यानंतरही काही तास अतिदक्षता विभागातील सिस्टर एबीजीसाठी रक्त घेत राहतात, आणि आता त्या पट्टीवर कॅल्शियम कमी आहे का हे पाहण्याइतकेच ते जास्त तर झाले नाही ना, हेही पाहिले जाते.